कोणी सोबत येणार नाही असा देश

कांताबाई गेल्याची खबर नेरच्या बस स्टँडवर बळीरामच्या आधी पोचली होती.

त्या सकाळी तो यवतमाळच्या दवाखान्यातून घरी यायला निघाला होता. कांताबाईचे धुतलेले कपडे न्यायचे होते. तिच्यापाशी मुलगा संघदीप होता. बळीरामचा मोबाइल पिशवीत, पिशवी मांडीवर आणि खाली इंजिनाचा आवाज. फोन वाजला असेल, पण त्याला ऐकू आला नाही. बस स्टँडात शिरली तेव्हा सगळीकडे चूप होतं. पानठेल्यावरचं गाणं बंद होतं. कंट्रोलर खिडकी सोडून बाहेर उभा होता. बळीरामची सारी नोकरी याच डेपोत गेली होती, कंडक्टर म्हणून. डेपोतलं कोणी गेलं तरच स्टँड असं होतं, हे त्याला माहीत होतं. तो उतरला आणि विचारलं, "कोण गेलं बावा?"

कंट्रोलरने पुढे होऊन त्याच्या हातातली पिशवी घेतली. तेव्हा त्याला कळलं.

त्याच बसने तो परत गेला. ड्रायव्हरने चहासुद्धा घेतला नाही. जागेवरून कोणी भांडलं नाही, सुट्ट्या पैशांवरून कोणी आवाज चढवला नाही. पूर्ण रस्ता बळीरामच्या मनात एकच गोष्ट घोळत होती, की हे कांताला सांगितलं पाहिजे. तिचा विश्वास बसणार नाही.

आदल्या रविवारी तिने त्याच्यावर एक काम सोपवलं होतं. संघदीपचं साक्षगंध झालेलं होतं. मुलगी मोनाली, महागावकडची, यवतमाळला औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट. लग्न उन्हाळ्यात. कांताबाई खाटेवर उशीला टेकून बसली होती आणि बळीराम तिला मोसंबी सोलून देत होता.

"आवो, आयका. लग्न झालं की पोरायले बाहेरदेशी धाडा. विमानानं."

"धाडू."

"दोघायलेच. तिसरं कोणी नको."

"हो."

"नुसतं हो म्हणू नका. चिखलदऱ्यालेही तुम्ही होच म्हणलं होतं."

बळीराम हसला. चिखलदरा हा त्यांच्या घरातला जुना विनोद होता. लग्न झालं तेव्हा बळीराम नवा कंडक्टर. घरच्या माणसांसाठी एसटीचा पास मिळायचा. तो कांताला म्हणाला, आपण दोघं चिखलदऱ्याला जाऊ, थंड हवा आहे, धुकं असतं. आईला विचारलं. आई म्हणाली, जा की. मग थोड्या वेळाने म्हणाली, मीही कुठं पाह्यलं चिखलदरा. आई येणार म्हटल्यावर आईला सांभाळायला मोठी बहीण हंसाबाई आली. हंसाबाई आली म्हणजे तिची पोरं आली. एवढ्या बायामाणसांसोबत कोणी गडीमाणूस पाहिजे म्हणून दोन काका आले. आणि गाडीत जागा दिसत होती म्हणून शेवटचे दोघं तर बळीरामने स्वतःच हाक मारून बसवले. रिकामी सीट त्याच्याने बघवत नसे. अकरा जण झाले. मुक्कामाला एक खोली मिळाली. बाया आत, माणसं बाहेर वरांड्यात. तीन दगडांच्या चुलीवर कांताने अकरा जणांच्या भाकरी थापल्या, दोन्ही वेळच्या, आणि वारा असा की चूल धड पेटेना. तिला कोणी विचारलं, चिखलदरा कसं आहे, तर ती म्हणायची, "मी धुकं पाहाले गेलती बाप्पा, धूर पाहून आली." पाहुणे आले की ही गोष्ट व्हायचीच, आणि ती ऐकून सर्वांत जास्त हंसाबाई हसायची.

"पहिले पोरायचं होऊ द्या," कांताबाई मोसंबीची फोड हातात धरून म्हणाली. "मंग आपण दोघं जाऊ चिखलदऱ्याले. मी बरी झाली की."

"हो."

"तुमचं होच लय हाय."

फोड तिने खाल्ली नाही. उशाशी ठेवून दिली.

*

लग्न पुढे ढकलायचं नाही, असं तिनेच सांगून ठेवलं होतं. तिच्या नावाने विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, थंडी गेली, ऊन तापायला लागलं. एका सुट्टीच्या दिवशी संघदीप मोबाइल घेऊन बापाजवळ बसला. तो यवतमाळला सोलरच्या कंपनीत होता.

"बाबा, थायलंड पाहून राह्यलो. आमच्या ऑफिसातले दोघं जाऊन आले. समुद्र गिमुद्र हाय."

"बरं हाय. जा."

एवढ्यात काम झालं असतं. पण हंसाबाई तिथेच गहू निवडत बसली होती. ती मागच्या गल्लीत राहायची. कांताबाई गेल्यापासून रोज सकाळी यायची, भावाची भाजी टाकायची आणि बाकी सगळ्यांनी काय करावं हे सांगायची.

"थायलंड म्हणजे ते सोन्याच्या बुद्धाचं?"

"असन आत्या."

"असन काय? हाय. आपल्या विहारातली मूर्ती तिकूनच आलती. मूर्ती तिकून इकडं येऊ शकते, अन् आपण इकून तिकडं जाऊ शकत नाही?"

संघदीपला ही गोष्ट तिथल्या तिथे संपली असं वाटलं. बळीरामला तसं वाटलं नाही. त्याच्या वार्डातली रीत त्याला माहीत होती, कारण ती त्यानेच पाडली होती.

रीत अशी. पौर्णिमेला विहारात वंदना झाली, खीर वाटून झाली, की ज्याला कुठे गाडी करून जायचं असेल तो उठून सांगायचा. नागपूरला दीक्षाभूमीवर जातो, अमरावतीला पोरगी पाहायला जातो, सेवाग्रामला दवाखान्यात जातो. मग ज्यांना त्या बाजूचं काम असेल ते नाव सांगायचे आणि गाडी भरायची. बळीरामने हे सुरू केलं तेव्हा लोक म्हणाले, कंडक्टरचं डोकं आहे. एकदा तर पोरगी पाहायला गेलेल्या जीपमधून दातांच्या डॉक्टरकडे जाणारे तिघं गेले होते, आणि पोरीच्या बापाने त्या तिघांचाही चहापोह्याने मान केला होता.

पौर्णिमेला हंसाबाई पांढरं लुगडं सारखं करत उठली. "आमचा संघदीप लग्न झाल्यावर थायलंडले जाऊन राह्यला. भगवंताचा देश हाय. ज्याले यायचं असन त्यानं सांगा."

आधी कोणी बोललं नाही, कारण थायलंड जरा लांब होतं. मग महिला मंडळाच्या अध्यक्ष विमलताई म्हणाल्या, "मी येतो." त्या येतात म्हटल्यावर त्यांच्या दोन्ही जावा येतो म्हणाल्या. मग धडाधड नावं आली.

"सैपाकाचं काय?" कोणी विचारलं.

"आपणच करू. तिकडचं खाणं आपल्याले चालन नाही."

"सिलिंडर तिकडं भेटते का इथूनच न्या लागते?" विमलताईंनी विचारलं.

"विमानात मोठी कढई चढू देतेत?"

"काहून नाही? तिकीट काढू कढईचं."

मागे भिंतीला टेकून बसलेला बळीराम खीर खायची विसरला. शेजारी संघदीप बसला होता. त्याचं तोंड पडलं होतं.

"बाबा, हनिमून हाय तो!"

"मले नको सांगू. माह्याही झालता."

"कुठं?"

"चिखलदऱ्याले. अकरा जण होतो."

*

बळीरामने घरी येऊन विचार केला. बहिणीशी भांडून उपयोग नव्हता. ती वयाने मोठी, आणि भाजी तीच टाकत होती. नाव दिलेल्या बायांना नाही म्हणायचं तर उद्या त्याच बाया लग्नात हळदीला येणार होत्या. मग एकच रस्ता राहत होता. देशच असा पाहायचा, की तिथे जावं असं यांना वाटणारच नाही.

म्हणजे जिथे बुद्ध नाही.

बळीराम सकाळ-संध्याकाळ वंदना घेणारा माणूस. हे मनात आलं तेव्हा त्याला भिंतीवरच्या बुद्धाच्या फोटोकडे बघवेना. शेवटी उठून हात जोडले आणि म्हणाला, "भगवान, फक्त पोरायपुरतं."

दुसऱ्या दिवशी तो अश्वजित सरांकडे गेला. सर शाळेत इतिहास शिकवायचे आणि विहार समितीचे सचिव होते.

"सर, एक इचारू? भगवान बुद्ध कुठं कुठं नाहीत?"

सरांनी चष्मा काढला. "काय म्हणता?"

"म्हणजे कोणत्या देशात नाहीत?"

सरांना हा प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता. बुद्ध कुठे कुठे आहेत यावर ते दोन तास बोलू शकत होते, आणि दर वर्षी बोलायचेच. नाहीत कुठे, हे ऐकून त्यांना आधी राग आला आणि मग चेव आला. "बळीरामभाऊ, तुम्ही देशाचं नाव सांगा. मी दाखवतो."

ही चूक झाली, हे बळीरामला पुढच्या काही दिवसांत समजलं.

संघदीप म्हणाला, बाली. सर म्हणाले, वा! त्याच देशात बोरोबुदूर आहे, केवढा मोठा स्तूप! संध्याकाळपर्यंत ते हंसाबाईला कळलं, आणि थायलंडला यायचे ते सगळे बालीला यायला तयार झाले, वर दोन नावं वाढली.

संघदीप म्हणाला, मालदीव. तिथे नुसतं पाणी आहे. सर रात्रभर मोबाइलवर वाचत बसले आणि सकाळी शाळेत जाता जाता सायकल थांबवून सांगून गेले, की मालदीवला पूर्वी सगळे आपलेच होते, खोदलं तर स्तूप निघतात.

"पाण्यात?" बळीरामने विचारलं.

"बेटावर हो, बेटावर."

व्हिएतनामचं नाव संघदीपने काढलं ते बळीरामने तिथेच दाबलं. शेवटी तो म्हणाला, गोऱ्यांच्या देशात जा, तिकडे काही भानगड नाही. संघदीपने लंडन काढलं. सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. "लंडन! बाबासाहेब राहिले ते घर आहे तिथे. भाऊ, मीसुद्धा येतो." लंडनला तर गडीमाणसांचीही नावं आली. अमेरिका म्हटलं, तर बाबासाहेब तिथे शिकले. जर्मनी म्हटलं, तर तिथेही काही दिवस गेले होते.

"स्वित्झर्लंड," संघदीप अगदी बारीक आवाजात म्हणाला.

"रिकोन म्हणून गाव आहे," सर म्हणाले. "तिबेटी भिक्खूंचा मठ आहे. चांगला आहे."

त्या संध्याकाळी बाप-लेक अंगणात खाटेवर बसून होते. बाबासाहेबांनी एवढं शिकायला नको होतं, असं संघदीपच्या तोंडून निघून गेलं. बळीरामने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. मग दोघंही हसले. कांताबाई गेल्यापासून त्या घरात दोघं एकदम हसले ते तेव्हा.

*

रविवारी मोनाली आली. बांगड्यांचं माप द्यायचं होतं. आल्या आल्या तिने कांताबाईच्या फोटोला फूल वाहिलं, मग स्वयंपाकघरात जाऊन स्वतःच चहा मांडला, कारण त्या घरातल्या दोन माणसांचा चहा तिने एकदा पिऊन पाहिला होता.

बळीराम तिच्याकडे पाहत होता आणि त्याच्या लक्षात आलं, की देशामागे देश पाहून झाले, सगळ्या वार्डाला विचारून झालं, हिला कोणी विचारलं नाही.

"मोनाली, तुले कुठं जायचं हाय व?"

तिने गॅस बारीक केला. "खरं सांगू बाबा?"

"खरंच सांग."

"मले बर्फ पाह्यचा हाय. आमच्याकडं मे महिन्यात टाकीतून गरम पाणी येते, आंघोळीले थंड व्हाची वाट पाहा लागते. त्या दिवसांत मले बर्फात उभं राह्यचं हाय. जॉर्जिया म्हणून देश हाय. तिथं डोंगरावर उन्हाळ्यातही असते. मी पाहून ठेवलं हाय. फार महागही नाही."

"मंग हे आधी काहून नाही सांगतलं?"

"मले वाटलं तुमचं चालू हाय," ती म्हणाली, आणि हसू दाबायला चहाच्या पातेल्यात पाहायला लागली. मग म्हणाली, "आईले सांगतलं होतं मी. दवाखान्यात. त्या म्हणे, जाय, अन् आली की मले सांग, बर्फ हातात धरला की किती वेळ राह्यते."

बळीराम उठून अंगणात गेला. तिथे काही काम नव्हतं. थोड्या वेळाने आत येऊन त्याने चहा घेतला आणि तसाच अश्वजित सरांकडे गेला.

"सर, जॉर्जिया."

सरांनी दोन दिवस मागितले. तिसऱ्या दिवशी ते स्वतः बळीरामकडे आले. सायकल भिंतीला लावली, पाणी प्यायले, आणि पडक्या चेहऱ्याने म्हणाले, "बळीरामभाऊ, माझ्या हाताला काही लागलं नाही. चर्च आहेत, किल्ले आहेत, द्राक्षं आहेत. आपलं असं काही दिसत नाही. पण मी अजून पाहतो. पुण्याला एक प्राध्यापक आहेत, त्यांना फोन लावतो."

"नका लावू सर!" बळीरामने त्यांचे दोन्ही हात धरले. "तुमचे लय उपकार झाले. आता तुम्ही आराम करा."

पुढच्या पौर्णिमेला तो स्वतः उठला. तो विहारात फारसा बोलत नसे. "जय भीम. पोरं जॉर्जियाले जाऊन राह्यले. तिथं आपलं काही नाही. सरायनं पाह्यलं. काहीच नाही. त्याच्यानं कोणी तकलीफ घेऊ नये." आणि खाली बसला. मोठी गाडी वळणातून काढावी तसं त्याला मोकळं वाटलं.

हंसाबाई बसल्या जागेवरून म्हणाली, "काहीच नाही?"

"काहीच नाही बाई."

"आपलं कोणी माणूसही नाही?"

"एकही नाही." बळीरामने हे जरा आनंदानेच सांगितलं.

"मंग पोट्टे एकटे कसे जातीन?"

विहारात कुजबुज सुरू झाली. खरंच की. परका मुलूख. विमलताई म्हणाल्या, थायलंड असतं तर एक वेळ गोष्ट निराळी, तिथे भगवान तरी होते. इथे पोरीला चक्कर आली तर पाणी कोण देईल? पोराचं पाकीट मारलं तर? आता माझं नाव पक्कं. त्यांच्या जावा म्हणाल्या, आमचंही. मागून एक म्हातारा म्हणाला, "बायासोबत गडीमाणूस पाह्यजे." तो आवाज थेट काकांसारखा होता, आणि ते दोन्ही काका मरून कितीतरी वर्षं झाली होती.

"बर्फाचा मुलूख हाय म्हणते," विमलताई म्हणाल्या. "सिलिंडर दोन घ्या लागन."

बळीराम पुन्हा उभा राहिला. आपल्याला काय बोलायचं आहे हे त्याला माहीत नव्हतं.

"बाई, चिखलदरा आठवते?"

सगळे हसले. ती गोष्ट वार्डात सगळ्यांना पाठ होती. "धूर पाहून आली!" एक बाई म्हणाली, आणि पुन्हा हशा झाला. हंसाबाईने तर पदर तोंडाला लावला. बळीराम हसू संपेपर्यंत थांबला. गर्दी चढून होईपर्यंत थांबायची त्याला सवय होती.

"कांता दवाखान्यात होती. जायच्या आधीच्या रविवारी. मले म्हणे, पोरायले दोघायलेच धाडा. तिसरं कोणी नको. मी हो म्हणलं. तर म्हणे, नुसतं हो म्हणू नका, चिखलदऱ्यालेही हो म्हणलं होतं." तो थांबला. "मलेही वाटलं ती गंमत करून राह्यली. मी हासलो. आता घरी एकटा बसतो त वाटते, ती गंमत नोयती. एवढंच सांगाचं होतं."

तो बसला. बाहेर कुल्फीवाल्याची घंटी वाजत गेली.

"ती तर हासत होती बाप्पा," हंसाबाई हळूच म्हणाली. "दर वेळी हासत होती."

"हो बाई. आपणही हासत होतो."

हंसाबाई खाली सतरंजीकडे पाहत राहिली. तिचे ओठ हलत होते. अकरा माणसं, दोन वेळच्या भाकरी, असं काही ती मोजत असावी. मग ती गुडघ्यावर हात देऊन उठली आणि सगळ्यांकडे तोंड केलं.

"कोणी जाणार नाही," ती म्हणाली. "आयकलं काय? कोणी म्हणजे कोणीच नाही. विमल, ठेव तो सिलिंडर खाली."

विमलताईंच्या हातात सिलिंडर नव्हता, पण त्यांनी मान हलवली.

त्या दिवसापासून हंसाबाईने पहारा सुरू केला. मोनालीची आई फोनवर म्हणाली, माझी पोरगी कधी एवढ्या लांब एकटी गेली नाही, तर हंसाबाईने तिला अर्धा तास सुनावलं, की एकटी कशी, नवरा काय बाहुला आहे? स्वतः सर एकदा म्हणाले, जॉर्जियातल्या इतिहासाचा अभ्यास करायचा तर... हंसाबाई म्हणाली, "मोबाइलात करा." सर गेले.

लग्न झालं. उन्हाने मांडवातलं पाणी गरम झालं, मठ्ठा कमी पडला, बाकी सगळं नीट झालं. निघायच्या आदल्या दिवशी हंसाबाई आली आणि चौकटीत उभी राहिली.

"बळीराम, एक इचारू? नागपूरपर्यंत त येऊ आम्ही? विमानाले पोचवाले? लगेहात दीक्षाभूमीवर वंदनाही होते."

बळीरामने कांताबाईचे शब्द आठवून पाहिले. नागपूरचं ती काही बोलली नव्हती.

"या," तो म्हणाला.

त्याला वाटलं एक जीप होईल. मिनीबस झाली, आणि तीही भरली. शेवटच्या सीटवर एक जागा रिकामी दिसत होती. बळीराम तिच्याकडे पाहत होता. हंसाबाई त्याच्याकडे पाहत होती. त्याने कोणाला हाक मारली नाही. ती सीट नागपूरपर्यंत तशीच गेली.

दीक्षाभूमीवर वंदना झाली. डबे निघाले. विमानतळाच्या दारात सगळे उतरले तेव्हा दुपार कलली होती. नवरानवरीच्या दोन बॅगा आणि हंसाबाईने दिलेली शेंगदाण्याच्या चटणीची बरणी एवढं सामान, आणि ते उचलायला एवढी माणसं. घोळका तसाच दाराकडे निघाला. दारात बंदूकवाला जवान होता. त्याने हात आडवा केला.

"टिकट और आईडी."

"मी आत्या हाय त्याची," हंसाबाई म्हणाली.

"टिकट, माताजी. जिसका टिकट है, वही अंदर जाएगा."

बळीराम त्या जवानाकडे पाहत राहिला. साऱ्या नोकरीत त्याने हेच वाक्य मराठीत म्हटलं होतं, आणि लोक त्याला सांगायचे, सासरा आहे, पोलिस आहे, पुढच्याच थांब्यावर उतरतो. इथे हा माणूस एकदाच म्हणाला आणि सगळी मिनीबस जागच्या जागी थांबली. असं दार असतं हे त्याला माहीत नव्हतं. माहीत असतं तर त्याने देश शोधण्यात एवढे दिवस घालवले नसते.

"मागं सरका," तो वळून म्हणाला. आवाज आपोआप जुना निघाला. "चला, मागं सरका. दरवाजा मोकळा करा. ज्याचं तिकीट तोच आत."

सगळे मागे सरकले. बळीरामने मोनालीची बॅग उचलली आणि दोघांच्या मागे चालायला लागला. पुन्हा तो हात आडवा आला.

"आपका टिकट?"

बळीरामला आयुष्यात कोणी तिकीट मागितलं नव्हतं. तो काही तरी सांगणार होता, की मी स्टाफ आहे. मग त्याने बॅग मोनालीच्या हातात दिली.

"मेरा नहीं है," तो म्हणाला.

मोनाली पाया पडली. संघदीप पाया पडला आणि जरा जास्त वेळ वाकलेला राहिला. मग दोघं आत गेले. बळीराम काचेपाशी उभा होता. गाडी सोडताना दोनदा ओढायची ती दोरी नव्हती, घंटी नव्हती. त्याने बोटाच्या पेराने काचेवर दोनदा टकटक केलं. जवानाने पाहिलं, पण काही म्हणाला नाही.

परत येताना मिनीबसमध्ये बाया रडल्या, मग झोपल्या, मग भूक लागली म्हणून उठल्या.

काही दिवसांनी मोनालीने फोटो पाठवला. मागे पांढरा डोंगर, आणि पुढे दोघं, नाकं लाल झालेली. मोनालीच्या ओंजळीत बर्फ होता. खाली लिहिलं होतं, की बाबा, फार वेळ राहत नाही, हात दुखून येतात. हंसाबाईने फोटो जवळ धरून पाहिला, लांब धरून पाहिला.

"बळीराम."

"काय बाई?"

"दोघंच हायेत ना फोटोत?"

"दोघंच हायेत."

"मंग फोटो कोणं काढला?"

बळीरामने वार्डातले सगळे चेहरे मनातल्या मनात मोजले. विमलताई सकाळीच दिसल्या होत्या. सर शाळेत होते. मग त्याने श्वास सोडला.

"तिथलं कोणी असन."

"पाह्य बरं," हंसाबाई म्हणाली, आणि गहू निवडायला बसली.

पोरं परत आली. मोनालीने कांताबाईच्या फोटोसमोर बसून तिला बर्फाचं सांगितलं. बळीराम तेव्हा बाहेर होता. निवृत्त माणसाला बायकोसोबत एसटीने फिरायचा पास मिळतो. त्यांचा दोघांच्या नावाचा पास अजून कपाटात आहे. अमरावतीची गाडी सकाळी सुटते, आणि तिथून पुढे चिखलदऱ्याची.

कांताबाईने सांगितलेलं पोरांचं काम झालं. चिखलदऱ्याला दोघांनीच जायचं होतं. ते राहिलं आहे.